एकसारख्या यंत्रणा की वेगवेगळ्या? आणि ओपन सोर्समुळे तग धरण्याची ताकद खरोखर वाढते का?

शोधयात्री
नमस्कार. एका मध्यम आकाराच्या संस्थेचे सर्व्हर सांभाळण्याची जबाबदारी आमच्या लहानशा गटाकडे आहे. आमचे सगळे सर्व्हर एकाच लिनक्स डिस्ट्रोवर (लिनक्सच्या तयार संचावर), एकाच आवृत्तीवर चालतात आणि नवा सर्व्हर उभा करायचा झाला की तोही त्याच साच्यातून निघतो. रोजच्या कामाला याहून सोयीचे काही नाही. तरीही १९ जुलै २०२४ नंतर एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने पाठवलेली एक सदोष फाइल जेमतेम सव्वा तास उपलब्ध होती आणि तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली. विमानतळ, रुग्णालये, बँका अशा एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या ठिकाणी एकाच वेळी तोच निळा पडदा दिसत होता. लिनक्स आणि मॅकची यंत्रे त्या फाइलमुळे बंद पडली नाहीत.

आता आमच्या गटात असा प्रस्ताव आहे की निदान दुय्यम डीएनएस सर्व्हर (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते सांगणारा) आणि बॅकअपचा सर्व्हर वेगळ्या प्रणालीवर न्यावेत. वरिष्ठांचे म्हणणे असे की आपण सगळे ओपन सोर्स वापरतो, म्हणजे तो धोका आपल्याला नाहीच. हे म्हणणे मला पटत नाही, पण त्याला नेमके उत्तरही देता येत नाही. जाणकारांनी आपले मत सविस्तर मांडावे.

वाटाड्या
वरिष्ठांना एवढेच विचारा की सगळ्या सर्व्हरवर एकच कर्नल (प्रणालीचा गाभा) असेल आणि त्या कर्नलमध्येच बग निघाला, तर तो कोड वाचता येत होता याचा त्या क्षणी काय उपयोग?

निरीक्षक
मी थोडी विरुद्ध बाजू मांडतो, कारण वैविध्याची भलामण फार सहज होते आणि त्याचा खर्च कुणी मोजत नाही.

जानेवारी २००३ मधला स्लॅमर वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) आठवा. अवघ्या ३७६ बाइटांचा तो वर्म सुमारे दहा मिनिटांत जगभरातल्या बहुतेक असुरक्षित एसक्यूएल सर्व्हरपर्यंत पोहोचला होता. त्यावरचा पॅच (दुरुस्ती) मात्र जुलै २००२ मध्येच आलेला होता. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय वर्मचेही तेच झाले. पॅच मार्चमध्ये आला होता. म्हणजे औषध घरात असूनही कुणी घेतले नव्हते. सगळ्या यंत्रणा एकसारख्या असतील तर पॅच एकदा तपासायचा आणि एका आदेशात सगळीकडे लावायचा. तीन वेगवेगळ्या प्रणाली असतील तर तीन ठिकाणच्या सूचना वाचायच्या, तीनदा चाचणी घ्यायची आणि गटातल्या प्रत्येकाला तिन्ही नीट यायला हव्यात. लहान गटात यातली एक प्रणाली हमखास दुर्लक्षित राहते.

दुसरे असे की हल्लेखोराला आत शिरायला एकच वाट पुरते. तुमच्याकडे तीन प्रकारची दारे असतील, तर त्यातले सर्वांत कच्चे दार कोणते एवढेच तो पाहतो.

अक्षरगणित
निरीक्षक यांचा दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. आत शिरकाव होऊ नये हे एक उद्दिष्ट आणि सेवा अखंड चालू राहावी हे दुसरे. पहिल्या उद्दिष्टासाठी वैविध्य खरोखरच त्रासदायक ठरू शकते, कारण कुठल्याही एका प्रणालीतली त्रुटी गुपित फोडायला पुरते. दुसऱ्यासाठी ते उपयोगी असते, कारण सेवा पूर्ण बंद पाडायची तर सगळ्या प्रणाली एकाच वेळी पडाव्या लागतात. शोधयात्री यांच्या प्रस्तावातला दुय्यम डीएनएस आणि बॅकअप या दोन्ही वस्तू दुसऱ्या वर्गात मोडतात, म्हणून प्रस्ताव मुळात योग्य वाटतो.

राखीव यंत्रणा मुख्य यंत्रणेची हुबेहूब नक्कल असेल तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. एरियान ५ या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दिशा आणि वेग सांगणारे दोन संगणक होते, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्हींचे हार्डवेअर तेच आणि सॉफ्टवेअरही तेच. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवताना ती मावली नाही आणि राखीव संगणक बंद पडला. क्षणार्धात मुख्य संगणकही त्याच कारणाने बंद पडला. तो हिशेब एरियान ४ साठी लिहिलेल्या कोडमधून आलेला होता आणि उड्डाणानंतर त्याची गरजही नव्हती. प्रज्वलनानंतर ४० सेकंदांच्या आतच रॉकेट नष्ट झाले. राखीव यंत्र ठेवण्याचा खर्च झाला होता, पण संरक्षण शून्य मिळाले, कारण एखादा सुटा भाग खराब झाला तर काय, एवढाच विचार त्या मांडणीमागे होता. लिहिणाऱ्याची चूक दोन्ही प्रतींत सारखीच उतरते.

मृण्मयी_क
हार्डवेअरमध्येही हे घडते. २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएसडी डिस्कबाबत सूचना काढली होती की फर्मवेअर न बदलल्यास त्या बरोबर ३२,७६८ तास चालून कायमच्या बंद पडतील आणि त्यांवरचा डेटा परत मिळणार नाही. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात, म्हणजे तास मोजणारा आकडा भरून वाहिला. आता कल्पना करा, रेडमधल्या (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून जोडलेल्या डिस्कच्या गटातल्या) सगळ्या डिस्क एकाच दिवशी सुरू केलेल्या असतील तर त्या बंदही एकाच तासात पडणार. अशा वेळी रेडचा काही उपयोग होत नाही. तेव्हापासून आम्ही एका रेडमध्ये किमान दोन उत्पादकांच्या आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या डिस्क बसवतो.

नवखा_वाचक
चर्चा आवडली. पण ओपन सोर्सचा मुद्दा बाजूला पडतो आहे असे वाटते. कोड सगळ्यांना दिसत असेल तर चुका लवकर सापडतात ना?

शेवटचा_दुवा
नेहमीच नाही. हार्टब्लीड ही त्रुटी ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीच्या १.०.१ या आवृत्तीबरोबर मार्च २०१२ मध्ये आली आणि ती जाहीर झाली एप्रिल २०१४ मध्ये. दोन वर्षे कोड सर्वांसमोर उघडा होता. बॅश या शेलमधली (आदेश चालवणाऱ्या प्रोग्राममधली) शेलशॉक त्रुटी तर २०१४ मध्ये सापडली तेव्हा सुमारे पंचवीस वर्षे जुनी होती. कोड वाचण्याची मुभा असणे आणि तो कुणी प्रत्यक्ष वाचणे यांत मोठे अंतर आहे.

तरीही या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही, ती सांगतो. हार्टब्लीडच्या वेळी ज्यांच्याकडे ओपनएसएसएलची जुनी ०.९.८ किंवा १.०.० ही शाखा होती, त्यांच्याकडे तो दोषच नव्हता. शेलशॉकच्या वेळी डेबियन या लिनक्स डिस्ट्रोवर एसएच या नावाखाली बॅश नसून डॅश हे निराळे आणि आटोपशीर शेल होते, त्यामुळे एसएचमार्फत होणारी कितीतरी कामे बॅशपर्यंत पोहोचतच नव्हती. बॅश त्या यंत्रांवर होते आणि पॅच लावावाच लागला, पण हल्ल्याच्या वाटा कमी झाल्या. डॅशची निवड मुळात वेगासाठी झाली होती. एकाच कामाची दोन मोकळी साधने उपलब्ध असली की असे संरक्षण कधीकधी न ठरवताही मिळून जाते.

हार्टब्लीडनंतर ओपनबीएसडी या मोकळ्या प्रणालीच्या मंडळींनी तोच कोड घेऊन लिब्रेएसएसएल हा फोर्क (त्याच कोडमधून फुटलेली वेगळी शाखा) सुरू केला आणि गुगलने बोरिंगएसएसएल काढले. कोड बंद असता तर नाराज वापरकर्त्यांना तक्रार करण्यापलीकडे काही करता आले नसते. माझ्या दृष्टीने ओपन सोर्सचा खरा हातभार इथे आहे. चुका कमी होतात की नाही यावर वाद होऊ शकतो, पण दुसरी वाट काढण्याचा हक्क सर्वांकडे राहतो.

निरीक्षक
शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. मात्र फोर्क म्हणजे वेगळी प्रणाली नव्हे. फोर्क होण्यापूर्वीच्या कोडमधले दोष दोन्हींकडे सारखेच राहतात.

अक्षरगणित
आणि पूर्ण स्वतंत्रपणे लिहिलेला कोडसुद्धा आपण समजतो तितका स्वतंत्र नसतो. जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच कामाचा प्रोग्राम दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांकडून स्वतंत्रपणे लिहून घेतला गेला, अशा २७ आवृत्त्या झाल्या, आणि त्यांवर दहा लाख चाचण्या चालवल्या. एकेकटी आवृत्ती बहुतांशी चांगली होती. पण एकाच वेळी अनेक आवृत्त्या चुकण्याचे प्रमाण, त्या खरोखर स्वतंत्र असत्या तर जेवढे यायला हवे होते, त्याहून बरेच जास्त आले. अवघड जागा सगळ्यांना अवघडच जाते आणि माणसे तिथेच अडखळतात. म्हणून दोन प्रणाली ठेवल्या की धोक्यांचा गुणाकार होऊन तो नगण्य होतो, असे गणित कुणी मांडले तर त्यावर विश्वास ठेवू नका. फायदा होतो, पण त्या गणितात दिसतो त्यापेक्षा कमी.

मूळक्षेत्र
डीएनएसचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो, कारण वैविध्य जाणीवपूर्वक घडवल्याचे इतके चांगले उदाहरण इंटरनेटवर दुसरे नाही.

डीएनएसच्या मुळाशी असलेल्या रूट सर्व्हरच्या १३ ओळखी आहेत आणि त्या १२ वेगवेगळ्या संस्था चालवतात. एक काळ असा होता की या सगळ्यांवर बाइंड हे एकच सॉफ्टवेअर चालत होते. बाइंड ओपन सोर्सच होते आणि आहे, पण त्यात एखादा घातक बग निघाला असता तर नावांवरून पत्ते शोधण्याची सगळ्या जगाची यंत्रणाच धोक्यात आली असती. हे ओळखून नेदरलँड्समधल्या एनएलनेट लॅब्जने राइप एनसीसी या इंटरनेट पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या सहकार्याने एनएसडी हे नवे सॉफ्टवेअर अगदी पहिल्या ओळीपासून लिहिले. त्यात बाइंडचा कोड घेतला नाही आणि काम मुद्दाम मर्यादित ठेवले: फक्त आपल्या झोनची (आपल्याकडच्या नावांच्या नोंदींची) उत्तरे द्यायची, इतरांसाठी शोधाशोध करायची नाही. २००३ मध्ये के-रूट हा रूट सर्व्हर त्यावर चालू लागला. पुढे के-रूटच्या आतही एकाहून अधिक सॉफ्टवेअर वापरात आले.

हे शक्य झाले ते प्रोटोकॉल उघडा आणि लेखी होता म्हणून. एखादा प्रस्ताव मानकाच्या पुढच्या पायरीवर जाण्यासाठी त्याची निदान दोन स्वतंत्र अंमलबजावण्या एकमेकींशी नीट बोलल्या पाहिजेत, ही अट इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने १९९६ च्या आरएफसी २०२६ मध्ये घातली होती. वैविध्याची सोय मानकातच करून ठेवलेली असली की पुढे ते टिकवणे सोपे जाते.

रेशीमगाठ
मूळक्षेत्र, याच अटीचे ब्राउझरच्या जगातले उदाहरण आठवले. वेब एसक्यूएल हे मानक २०१० मध्ये सोडून द्यावे लागले, कारण ज्यांनी ज्यांनी ते आणले त्या सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हाच डेटाबेस वापरला होता आणि दुसरी स्वतंत्र अंमलबजावणी पुढे आलीच नाही. एसक्यूलाइट उत्तम सॉफ्टवेअर आहे आणि पूर्णपणे मोकळे आहे, तरीही एकाच प्रोग्रामचे वागणे म्हणजे मानक नव्हे, ही भूमिका मला फार योग्य वाटते.

त्यानंतरच्या वर्षांत आपण नेमके उलट्या दिशेने गेलो. ऑपेराने २०१३ मध्ये आपले प्रेस्टो इंजिन (पान पडद्यावर मांडणारा गाभा) सोडले, मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आपला एज ब्राउझर गुगलच्या क्रोमियमवर नेण्याचे जाहीर केले. नावे अनेक असली तरी आतली महत्त्वाची इंजिने आज तीनच उरली आहेत: ब्लिंक, वेबकिट आणि गेको. त्यातही सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीत त्रुटी निघाली, तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्स या एरवी प्रतिस्पर्धी असलेल्या ब्राउझरना एकाच कारणासाठी तातडीने अपडेट काढावे लागले. दोन्हींच्या पोटात तीच लायब्ररी होती.

मला इथे ओपन सोर्सची एक अडचण दिसते. चांगली लायब्ररी फुकट आणि मोकळी मिळत असताना ती पुन्हा कोण लिहिणार? ज्या मोकळेपणामुळे पर्याय निर्माण होऊ शकतात, त्याच मोकळेपणामुळे सगळे एकाच लायब्ररीवर येऊन थांबतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत त्रुटी निघाली, तेव्हा तिच्या बाबतीत हेच झाले. आपल्याकडे ते कुठल्या प्रोग्राममध्ये दडले आहे, हे शोधण्यातच कितीतरी संस्थांचे दिवसच्या दिवस गेले.

वाटाड्या
रेशीमगाठ यांनी नेमके सांगितले. दोन प्रणाली वेगळ्या आहेत हे ठरवण्याआधी त्यांच्या पोटात काय आहे ते पाहायला हवे.

शेवटचा_दुवा
एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या लायब्ररीच्या प्रकरणाचा उल्लेख अजून कसा झाला नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण या धाग्यातले जवळजवळ सगळे मुद्दे त्यात एकवटलेले आहेत.

अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसचे विकसक मार्च २०२४ मध्ये डेबियनच्या अस्थिर शाखेवर काही मोजमापे घेत होते. एसएसएच (दुरून सुरक्षितपणे) लॉगिनला जिथे सुमारे ०.३ सेकंद लागायचे तिथे ०.८ सेकंद लागत असल्याचे आणि त्यात प्रोसेसर अकारण खर्च होत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. अर्ध्या सेकंदाचा हा फरक बहुतेकांनी सोडून दिला असता. त्यांनी तो धागा पकडून ठेवला आणि तो एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मुद्दाम पेरलेल्या चोरवाटेपर्यंत जाऊन पोहोचला. जिया टॅन हे नाव वापरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षे चांगली कामे करून मेंटेनरचा विश्वास कमावला होता. घातक भाग चाचणीच्या फाइलींमध्ये दडवलेला होता आणि त्याला जागे करणारी ओळ फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (वितरणासाठी बांधलेल्या फाइलीत) होती, सर्वांना दिसणाऱ्या गिटवरच्या कोडमध्ये नव्हती.

ती चोरवाट कुठे चालत होती तेही पाहा. प्रोसेसर एक्स८६-६४ असायला हवा, प्रणाली लिनक्स हवी आणि पॅकेज डेब किंवा आरपीएम या डिस्ट्रोंच्या पद्धतीने बांधलेले हवे. ओपनएसएसएच स्वतः ही लायब्ररी वापरतच नाही; काही डिस्ट्रो सिस्टमडीला (सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) सूचना पाठवण्यासाठी त्यात आपला पॅच घालतात, त्यातून ती आत येते. आर्च या डिस्ट्रोमध्ये सदोष आवृत्ती पोहोचली होती, पण तिथे एसएसएचशी हा दुवा नव्हता. लिनक्सहून वेगळ्या असलेल्या बीएसडी प्रणालींवर तर प्रश्नच नव्हता. हल्लेखोराने सर्वांत मोठी एकसारखी लोकसंख्या निवडली आणि बाकीचे सोडून दिले. फ्रॉइंड यांना शोध घेता आला तो सगळा कोड मोकळा होता म्हणूनच. पण मेंटेनरवर हल्लेखोराला दबाव आणता आला, कारण इतक्या ठिकाणी लागणारी ती लायब्ररी जवळजवळ एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. त्या माणसाला वेळेवर मदत मिळाली असती, तर परक्याला शिरायला जागाच उरली नसती. याबद्दल मला मनापासून वाईट वाटते.

ताठकणा
बीएसडीचा उल्लेख झाला म्हणून एक भर. ओपनबीएसडी अनेक वर्षे वेगवेगळ्या प्रोसेसरांवर बांधली जाते, त्यातले काही आज फारसे कुणी वापरतही नाही. तरीही ते ठेवण्यामागे एक कारण असे सांगितले जाते की एका प्रोसेसरवर गपचूप खपून जाणारी चूक दुसऱ्यावर लगेच उघडी पडते. एक्स८६ वर चुकीच्या पत्त्यावरून शब्द वाचला तरी काम निभावून जाते, स्पार्क६४ वर प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळतो. बाइटांचा क्रमही उलटा असल्यामुळे गृहीत धरलेल्या गोष्टी उघड्या पडतात. म्हणजे वैविध्याचा फायदा फक्त संकटाच्या दिवशीच होतो असे नाही. कोड लिहिला जात असतानाच ते चुका बाहेर काढते, आणि तो दुरुस्त झालेला कोड मग एकच प्रोसेसर वापरणाऱ्यालाही मिळतो.

निरीक्षक
ताठकणा यांचा मुद्दा मला नवा होता आणि पटला. तरीही जोडणीचा खर्च विसरू नका. अंतराळयान कोलंबियाच्या पहिल्या उड्डाणासाठी पाच संगणक होते. चारांवर एक सॉफ्टवेअर आणि पाचव्यावर दुसऱ्या कंपनीने स्वतंत्रपणे लिहिलेले राखीव सॉफ्टवेअर. १० एप्रिल १९८१ रोजी उड्डाणाला २० मिनिटे उरली असताना राखीव संगणकाचा बाकीच्यांशी वेळेचा मेळ बसेना, म्हणून उड्डाण रद्द झाले आणि ते १२ तारखेला करावे लागले. विविधता आणली की दोन प्रणालींमधला सांधा ही बिघाडाची एक नवी जागा तयार होते.

अक्षरगणित
खरे आहे. पण तो सांधा जमिनीवर असताना निखळला आणि दोन दिवसांच्या विलंबावर भागले. वर एरियानची गोष्ट सांगितली, तिच्या मानाने ही किंमत मला फार कमी वाटते.

मूळक्षेत्र
एक मर्यादा मीही सांगायला हवी, नाहीतर माझा आधीचा प्रतिसाद एकांगी ठरेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये कीट्रॅप नावाची त्रुटी जाहीर झाली. एकाच खास रचलेल्या उत्तराने डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्या) तपासणाऱ्या सर्व्हरला सह्या पडताळण्यात अडकवून ठेवता येत होते. बाइंड, अनबाउंड, पॉवरडीएनएस, नॉट या सगळ्यांना ती लागू झाली, कारण मानकात जे करायला सांगितले होते तेच सगळ्यांनी प्रामाणिकपणे केले होते. दोष मानकातच असेल तर स्वतंत्र अंमलबजावण्या वाचवू शकत नाहीत.

मृण्मयी_क
बॅकअपबद्दल कुणी फारसे बोलले नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मार्स्क या जहाज कंपनीचे जवळजवळ सगळे डोमेन कंट्रोलर (कंपनीभरची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) पुसून टाकले. ते एकमेकांच्या प्रती ठेवत होते, पण सगळे एकाच वेळी जातील हे कुणी धरले नव्हते. घानामधल्या कार्यालयातला एक तेवढा वाचला, कारण वीज गेल्यामुळे तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता. त्याच्यावर प्रणाली तीच होती. तेव्हा शोधयात्री, बॅकअप सर्व्हरची प्रणाली बदला, पण त्याआधी त्याचे लॉगिन, किल्ल्या आणि नेटवर्क मुख्य यंत्रणेपासून तोडा. एकाच पासवर्डने दोन्ही पुसता येत असतील, तर कर्नल वेगळा असून काहीच फरक पडणार नाही.

शोधयात्री
सर्वांचे मनापासून आभार. वरिष्ठांपुढे काय मांडायचे ते आता स्पष्ट झाले आहे: सगळे सर्व्हर बदलायचे नाहीत, कारण निरीक्षक म्हणतात तसे आमच्या गटाला ते झेपणार नाही, पण बॅकअपचे अधिकार आधी वेगळे करायचे आणि दुय्यम डीएनएस एनएसडीवर न्यायचा. मुख्य सर्व्हरवर बाइंडच राहील. एक शंका आहे. चाचणीसाठी त्याच डिस्ट्रोवर एनएसडी बसवून एलडीडी आदेशाने (प्रोग्राम कोणत्या लायब्ररी वापरतो ते दाखवणाऱ्या) पाहिले, तर बाइंड आणि एनएसडी दोघेही ओपनएसएसएलचीच लिबक्रिप्टो ही लायब्ररी वापरताना दिसतात. मग वेगळेपण राहिले कुठे?

ताठकणा
दुय्यम सर्व्हर ओपनबीएसडीवर न्या. एनएसडी तिच्या मूळ संचातच येते आणि तिथे लिब्रेएसएसएल असते, शिवाय कर्नल आणि सी लायब्ररीही निराळी. लिब्रेएसएसएल हा फोर्क असल्यामुळे जुना कोड सामाईक आहे हे निरीक्षक यांचे म्हणणे लक्षात असू द्या, पण २०१४ नंतर त्यातला बराच भाग काढून टाकला गेला आहे.

मूळक्षेत्र
ही जोडी व्यवस्थित चालते. झोनची देवाणघेवाण मानक पद्धतीने होते, त्यामुळे दोन्हीकडे तीच टीसिग किल्ली (दोन सर्व्हरनी एकमेकांना ओळखण्याची) दिली की पुरे. एनएसडी डायनॅमिक अपडेट (नेटवर्कवरून येणारे नोंदींतले बदल) घेत नाही आणि स्वतः डीएनएसएसईसी सह्याही करत नाही, म्हणून बदल आणि सह्या बाइंडकडेच ठेवा. दोन्हींचे अपडेट एकाच दिवशी करू नका. आणि एसओए नोंदीतली (झोनच्या मुख्य नोंदीतली) एक्स्पायरची मुदत आजच पाहून घ्या. मुख्य सर्व्हर बंद पडल्यावर दुय्यम सर्व्हर तेवढ्याच काळापुरती उत्तरे देतो आणि मग झोन सोडून देतो. आरएफसी १९१२ मध्ये दोन ते चार आठवड्यांची शिफारस आहे. तुमच्या झोनमध्ये कुणी ती एका दिवसावर आणून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी दोन्ही सर्व्हर गप्प होतील.

शोधयात्री
आत्ताच पाहिले. आमच्या दोन झोनमध्ये ती ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवसच आहे. बाकीच्या बदलांना मंजुरी मिळेपर्यंत थांबत नाही; ती आजच चार आठवड्यांवर नेतो.